भाद्रपदात पुसलेले डाग

आमच्या कुत्रीला पहिल्यांदा रक्त गेलं, ते मी पाहिलं होतं. पाहिलं, फडक्याने पुसलं आणि कुणाला कळू दिलं नाही. पुढे तिच्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी मला सरळ विचारलं, "हीट येऊन गेली का?" मी "नाही" म्हणालो. ही गोष्ट आजवर मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. त्या खोट्यापायी कुत्री गेली आणि ती गेल्याचा ठपका एका तरुण डॉक्टरीणबाईंवर बसला. तो अजूनही त्यांच्यावरच आहे. मी पनवेलमध्येच राहतो, त्याही फार लांब नाहीत. आम्ही एकमेकांना बाजारात दिसतो.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. लोक याला शांत स्वभाव म्हणतात. माझी बायको याला वेगळं काही म्हणते, आणि बहुधा तिचंच बरोबर आहे.

कुत्री आली नेऱ्याहून. माझं आजोळ तिथलं. मामेभावाच्या घरी पूजा होती, तिथे गोठ्याच्या मागे सुरणाच्या पानांखाली पिल्लं होती. मुलीने त्यातलं एक उचललं ते परत खाली ठेवलंच नाही. खारकेच्या रंगाची, एक कान उभा आणि एक मोडलेला. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. ते मुलीने ठेवलं होतं, आणि कुत्री गेल्यापासून आमच्या घरात ते कुणी मोठ्याने उच्चारत नाही. मी कागदावर का होईना, पहिल्यांदा उच्चारणारा व्हावं, असं मला वाटत नाही.

नवीन पनवेलात आमच्या सोसायटीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर त्या डॉक्टरांनी नुकताच दवाखाना थाटला होता. झेरॉक्सवाल्याच्या शेजारचा गाळा. माझ्या मुलीपेक्षा त्या थोड्याच मोठ्या असतील. कुत्रीशी बोलताना आवाज बारीक करायच्या आणि आमच्याशी बोलताना एकदम शाळेतल्या बाईंसारख्या व्हायच्या. लसीचा शेवटचा डोस देताना त्यांनी विषय काढला.

"काका, नसबंदीचं काय ठरवलंय?"

इतकं सरळ विचारलं की मी भिंतीवरच्या मांजरांच्या पोस्टरकडे बघायला लागलो. मुलगी पुढे झाली. "नेटवर प्रत्येक जण वेगळं सांगतो हो. कुणी म्हणतं सहा महिन्यांत करा, कुणी म्हणतं वर्षभर थांबा."

"दोन्ही बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "एक तर पहिली हीट यायच्या आत, म्हणजे ती पहिल्यांदा माजावर यायच्या आत करायचं. तेव्हा केलं तर पुढे आचळांच्या गाठींची भीती जवळजवळ राहत नाही. नाहीतर पहिली हीट येऊ द्यायची, तिला अंगाने भरू द्यायचं, आणि ती संपली की दोन-तीन महिने थांबून करायचं. मधे मात्र नको. हीटमध्ये आणि ती नुकती संपल्यावर आतल्या शिरा फुगलेल्या असतात, रक्त आवरत नाही. त्यामुळे रक्त दिसलं की मला कळवायचं. तुम्हाला एवढं एकच काम. फिरायला कोण नेतं?"

"बाबा."

"मग काका, हे तुमच्याकडे लागलं."

मी मान हलवली. मी हे पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं आहे. मला समजलं नव्हतं, असं म्हणायला कुठेच जागा नाही. त्यांनी सांगितलेलं मला पहिल्याच वेळी नीट समजलं होतं.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर पंचायत बसली. माझी आई आमच्याकडेच असते. तिचं सगळं आयुष्य गावात गेलं आणि बोलणं अजून तिथलंच आहे. ती म्हणाली, "एकदा तरी येऊ दे की तिला. पिल्लांचं तोंड बघू दे. बाईची जात हाय ती."

"आजी, ती पिल्लं ठेवायची कुठे? सेक्रेटरीच्या टेरेसवर?" मुलगी म्हणाली.

"नेऱ्याला धाडू. तिथं काय कमी हाय जागा?"

"तिथं सहातली दोनच जगली, तूच सांगितलंस."

बायकोचं म्हणणं वेगळं होतं. तिला घाई नको होती. "एवढीशी आहे अजून. हाडं तरी भरू देत. ऑपरेशन म्हटलं की लगेच बाईला उचलून टेबलावर टाकायचं."

मग कुणीतरी मला विचारलं. मी म्हणालो, "तुम्ही ठरवा."

सगळ्या हसल्या. बायको आमटी वाढता वाढता म्हणाली, "ह्यांना विचारून काय उपयोग? माझं ऑपरेशन ठरत होतं तेव्हासुद्धा हे हेच म्हणाले होते. तुम्ही ठरवा. मी आणि सासूबाईंनी ठरवलं. हे बाहेर बाकावर पेपर वाचत होते."

आईसुद्धा हसली. मीही हसलो. पुरुषाची नसबंदी जास्त सोपी असते हे मला तेव्हाही माहीत होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंही होतं. मी ते घरी बोललोच नाही. तो विषय इथे वाढवत नाही, पण माझा स्वभाव कुठून कुठवर पोचतो हे कळावं म्हणून लिहिलं.

शेवटी मुलीचं म्हणणं चाललं. हीट यायच्या आत करायचं, पण गणपती झाल्यावर. कारण भाद्रपद संपता संपता तिला बंगळूरला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. जाण्याआधी सुट्टीत टाके सांभाळणं, गळ्यात ते भोंग्यासारखं प्लॅस्टिक घालणं, गोळ्या देणं हे सगळं ती स्वतः करणार होती. "बाबाच्या भरवशावर नाही ठेवणार," म्हणाली. थट्टेतच म्हणाली.

आम्ही ठरवलेल्या वेळेपर्यंत कुत्री थांबली नाही.

गणपती बसायच्या दोन दिवस आधी, सकाळी दूध घेऊन आलो तर हॉलच्या फरशीवर ठिपके. ती दारात उभी, शेपूट हलवत, आणि मधेच मागे वळून स्वतःला चाटत. मला लगेच कळलं. भाद्रपद आणि कुत्री, आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. गेटवर चार-पाच कुत्रे दोन दिवस आधीपासूनच येऊन बसले होते. पण कचराकुंडीजवळची काळी कुत्रीही त्याच दिवसांत होती, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नव्हतं.

मी काय केलं, तर आधी दार लोटून घेतलं. मग माझा जुना बनियन ओला केला आणि फरशी पुसली.

का, ते सांगायचं तर मागे जावं लागेल.

आम्ही लहान असताना आई महिन्यातले काही दिवस मागच्या पडवीत बसायची. त्या दिवसांत भात वडील करायचे, जरा करपवायचे. आम्ही भावंडं कारण विचारत नव्हतो. मी एकदाच विचारलं. आईच्या गोधडीवर मला डाग दिसला होता आणि मला वाटलं तिला लागलंय. वडील ओरडले नाहीत. माझी मान धरून त्यांनी ती हळूच दुसरीकडे वळवली आणि म्हणाले, "पुरुषमाणसानं तिकडं बघायचं नाय." बास. ती मान तशीच राहिली. पुढे लग्न झालं, शहरात आलो, माझ्या घरात कुणी पडवीत बसत नाही, पण बायकोने "आज माझं पोट दुखतंय" म्हटलं की मी पेपर उघडतो. मुलगी मोठी झाली त्या दिवशी बायकोने स्वयंपाकघरात मला सांगितलं. तेव्हा घरात सगळं सामान असतानाही आणखी काय आणायचं ते विचारून मी बाजारात निघून गेलो. मला राग नव्हता, किळसही नव्हती. मला फक्त त्या विषयाच्या खोलीत उभं राहता येत नव्हतं.

आणि दुसरं कारण. आदल्याच वर्षी, गणपतीत, मुलीची अडचण नेमकी गौरींच्या जेवणाच्या दिवशी आली. आई तिला म्हणाली, तू आत बस, आरतीला येऊ नको. मुलगी काही बोलली नाही, पण बायको बोलली. खूप बोलली. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्या दिवशी गौरींच्या समोर बाहेर पडलं. पुढे दिवाळीपर्यंत सासू-सुनांचं बोलणं माझ्यामार्फत चालायचं. "आईंना सांगा, गोळी घ्या." "तिला सांग, घेतली." एका टेबलावर बसून.

तेव्हा ते ठिपके पाहिले आणि मला पुढचं सगळं दिसलं. आई म्हणणार, घरात गणपती बसतोय, हिला वॉचमनच्या केबिनमध्ये बांध. मुलगी म्हणणार, ती गेली तर मीही जाते. बायको वर्षभराचं पुन्हा काढणार. आणि मधे मी. मला वाटलं, गौरी गेल्या की सांगू. तोवर कुणाला काय कळतंय?

कळू न देणं मला चांगलं जमलं, हेच वाईट. कुत्रीला बेडरूमच्या गॅलरीत हलवलं. ढोल-ताशांना घाबरते म्हणालो, सगळ्यांना पटलं. सकाळ-संध्याकाळ मीच फरशी पुसायचो, फिनाईल टाकायचो. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही आणि फरशी? बाप्पाच आले म्हणायचे." घरात पाहुण्यांची वर्दळ, मोदकांची उकड, मखराचं काम. कुणाला मान वर करायला वेळ नव्हता. शिवाय कुत्री स्वतःच चाटून साफ ठेवायची. फिरायला नेताना मी हातात काठी घ्यायचो. गेटवरचे कुत्रे मागे लागायचे. समोरच्या विंगमधले एक गृहस्थ रोज प्राणायाम करायला खाली येतात. ते हसून म्हणाले, "काय हो, स्थळं यायला लागली वाटतं! आधी कुणाचं उरकणार, मुलीचं की हिचं?"

मी म्हणालो, "भाद्रपद आहे, दुसरं काय."

हे एकच खरं वाक्य मी त्या दिवसांत बोललो असेन.

गौरी गेल्या, गणपती गेले. मग मला वाटलं, आता पाहुणे गेले की सांगू. पाहुणे गेले, तोवर डाग थांबले. डाग थांबल्यावर सांगण्यासारखं काही उरलं नाही, असं मी स्वतःला पटवलं. आणि आता सांगायचं तर इतके दिवस का लपवलं तेही सांगावं लागणार होतं. तोवर मुलीने डॉक्टरांना फोन करून तारीख घेतलीसुद्धा.

आई म्हणाली, "पितृपक्षात कशाला कापाकापी करता? जरा थांबा की."

मला वाटलं, सुटलो. मी घाईघाईने म्हणालो, "होय, पितृपक्ष संपू दे. नवरात्रानंतर बघू."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली आणि खो-खो हसत सुटली. "बाबा, तू? तू कधीपासून पितृपक्ष मानायला लागलास? आजोबांच्या पानाला कावळा येईना तेव्हा तूच घरात जाऊन जेवायला बसला होतास!"

"तसं नाही, पण..."

"पण काय? नवरात्रात मी इथे असेन का? तिला कोण बघणार, तू? टाके बघून चक्कर येईल तुला."

बायकोही हसत होती. "पण" या शब्दानंतर मी एक वाक्य बोललो असतो तर कुत्री आज जिवंत असती. तारीख पुढे गेली असती, मुलीने चरफडत रजा काढली असती, आईने थोडी कुरकुर केली असती. मी म्हणालो, "बरं, तुम्ही ठरवा."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तपासलं. हात लावून बघितलं आणि जरा थबकल्या. "इथे थोडी सूज वाटतेय. हीट नाही ना आली, काका?"

बायको आणि मुलगी दोघी बाजूला उभ्या. मी म्हणालो, "नाही."

"नक्की ना? काही वेळा पहिल्या वेळी फार थोडं जातं, कळतही नाही."

"नाही दिसलं काही."

त्यांचं समाधान झालं नसावं. कारण दुपारी मी द्रोणागिरीला गोदामात होतो, तिथे त्यांचा फोन आला. माझं काम तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरचे कागद बघण्याचं. आजूबाजूला ट्रेलरचे आवाज. मी फोन घेऊन भिंतीच्या सावलीला गेलो. आजूबाजूला कुणी नव्हतं. बायको नाही, मुलगी नाही, आई नाही.

"काका, मुद्दाम तुम्हाला एकट्याला फोन केला," त्या म्हणाल्या. "घरात बोलायला अवघडत असेल तर मला सांगा. माझ्या बाबांचंही असंच आहे. रक्त दिसलं होतं का कधी? गणपतीत वगैरे? दिसलं असेल तर आपण दोन महिने पुढे ढकलू. मी तुमच्या मुलीला सांगेन की मलाच वेळ नाही. तुमचं नाव येणार नाही."

याहून जास्त कुणी कुणाला काय देऊ शकतं? माझ्या लाजेला झाकायला त्यांनी स्वतःची पदराआडची जागा देऊ केली. मी माझ्याच आवाजात म्हणालो, "नाही हो डॉक्टर. मी रोज नेतो ना. दिसलं असतं."

का म्हणालो? घरच्यांची भीती तर तिथे नव्हती. मी खूप विचार केला आहे. सकाळी एकदा नाही म्हणून झालं होतं. माझ्या मुलीच्या वयाच्या त्या बाईसमोर आपण सकाळी खोटं बोललो हे दुपारी कबूल करणं, एवढंच ते होतं. एवढ्याशा गोष्टीवर.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही तिघं बाहेर बाकावर होतो. ठरल्यापेक्षा खूप वेळ लागला. आतून भांड्यांचा आवाज, मग डॉक्टरांचा त्यांच्या मदतनीस बाईंना हाक मारण्याचा आवाज, जरा चढलेला. मग बराच वेळ काहीच नाही. त्या बाहेर आल्या तेव्हा मास्क हनुवटीखाली होता आणि कपाळ घामाने ओलं.

"ही नुकतीच हीटमधून गेलेली आहे," त्या म्हणाल्या. "आत शिरा बोटाएवढ्या फुगल्यात. टाका धरत नव्हता. एक शीर सुटली. मी आता बांधलीय, पण रक्त खूप गेलंय." मग माझ्याकडे बघून, "मी विचारलं होतं तुम्हाला."

मुलगी उभी राहिली. "डॉक्टर, बाबा तिला रोज दोन वेळा नेतात. त्यांना दिसलं नसतं का? हो ना, बाबा?"

तिघी माझ्याकडे बघत होत्या.

"मला तरी काही दिसलं नाही," मी म्हणालो.

डॉक्टरांना कळलं. माझ्या तोंडावरून कुणालाही कळलं असतं, फक्त माझ्या माणसांना माझ्या तोंडाची सवय होती. त्या रागावल्या नाहीत. "ठीक आहे, काका. आत्ता ते महत्त्वाचं नाही," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी दवाखाना बंद ठेवला, ओळखीच्या एका मोठ्या कुत्र्याचं रक्त मिळवलं, संध्याकाळपर्यंत तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिल्या. कुत्रीच्या हिरड्या पांढऱ्या पडत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली. रडताना तिला नीट दिसलं नव्हतं, म्हणून मोडलेला कान शेवटी सरळ झाला होता का, असं मुलगी मला विचारत होती. मी बघितलं नव्हतं. मी तेव्हाही दुसरीकडे बघत होतो.

तिला नेऱ्याला पुरलं. घरी आल्यावर मुलगी फोन घेऊन बसली आणि थोड्या वेळाने माझ्याकडे आली. तिने सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला लिहिलं होतं, ते मला वाचून दाखवलं. त्यात दवाखान्याचं नाव होतं, डॉक्टरांचं नाव होतं. ऑपरेशन त्यांना जमलं नाही आणि चूक झाकायला त्यांनी हीटची गोष्ट रचली, आमच्यावर ढकललं, असं होतं. आमच्या कुत्रीशी जे झालं ते तुमच्या मुक्या जिवांशी होऊ देऊ नका, असं शेवटी.

"बाबा, ठीक आहे ना? रागाच्या भरात काही चुकीचं नाही ना लिहिलं?"

माझी मुलगी न्यायाने वागणारी आहे. तिने पाठवण्याआधी विचारलं. तिच्या डोळ्यांखाली सूज होती. मी फोन हातात घेतला, पुन्हा वाचल्यासारखं केलं आणि परत दिला.

"ठीक आहे," मी म्हणालो.

कुत्रीच्या बाबतीत मी भित्रेपणा केला, असं म्हणता येईल. या वेळी मात्र समोर कुत्री नव्हती, मरायचं ते मरून गेलं होतं. या वेळी मी जाणूनबुजून एका माणसाचं नाव बुडू दिलं.

तो मजकूर आमच्या ग्रुपवरून खांदा कॉलनीत गेला, तिथून कामोठ्याला, कुठे कुठे. लोक हात जोडलेली चित्रं टाकत होते. डॉक्टरांनी एका शब्दानेही उत्तर दिलं नाही. फोन कुणाला केला होता, काय विचारलं होतं, सगळं त्या लिहू शकल्या असत्या. दवाखान्यासमोरची गर्दी कमी झाली, मग बाक रिकामा दिसायला लागला, आणि पुढच्या पावसाळ्याआधी त्या गाळ्यात मोबाईलच्या कव्हरचं दुकान आलं. आता त्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या दवाखान्यात नोकरी करतात असं ऐकलं. कधीकधी मी स्वतःला समजावतो की सूज दिसली होती तर त्यांनीच थांबायला हवं होतं. हे वाक्य मला सकाळी पटतं, संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

एकदा त्या मला भाजीबाजारात भेटल्या. मी वळणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. "काका, कसे आहात? ताई काय म्हणते? दुसरं पिल्लू आणलंत का?"

"नाही," मी म्हणालो. "मुलगी बंगळूरला असते."

"अच्छा." त्या थोडं थांबल्या. मला बोलायला जागा द्यायला थांबल्या, असं मला वाटतं. मी कोथिंबिरीचा भाव विचारला. भाजीवालीने सांगितला. त्या गेल्या.

त्यानंतरच्या गणपतीत, घरचे मोदक झाल्यावर आई आणि मी हॉलमध्ये दोघंच होतो. ती समोरच्या फरशीकडे बघत सहज म्हणाली, "गेल्या साली ती होती या दिवसांत. बसली होती बाहेर, बिचारी."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. "तुला ठाऊक होतं?"

"डोळं हायत की मला. तू पुसत होतास ते बगितलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलला नायस. म्हटलं, ह्याला सांगायचं नसंल."

"मला वाटलं तू तिला बाहेर बांधायला लावशील. गणपती होता घरात."

आईने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लहानपणी काहीतरी मूर्खासारखं बोललो की बघायची. "जनावराला कसला विटाळ रे? गाय व्याली तरी आमी तिच्या पाया पडतो. मी काय तिला हाकलणार होते?" आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "डॉक्टरनं विचारलं होतं का तुला?"

मी उठून गॅलरीत गेलो. तिने पुन्हा विचारलं नाही. आमच्या घरात दुसऱ्यांदा विचारायची पद्धत नाही.

हे सगळं मी असंच घेऊन गेलो असतो. पण गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला. तिने बंगळूरला रस्त्यावरून एक कुत्री उचलून आणलीय. ती आता दीड वर्षाची होत आली, दोन वेळा हीटवर येऊन गेली. बायको म्हणाली, "अगं, ऑपरेशन कधी करणार? वेळ नको घालवूस. पुढे पोटात पू होतो म्हणतात."

फोन स्पीकरवर होता. मुलगी म्हणाली, "नाही करणार, आई. मी कुठल्याच डॉक्टरच्या टेबलावर हिला ठेवू शकत नाही. तारीख घेते आणि रद्द करते. तीनदा झालं. त्या बाईने माझ्या डोळ्यांदेखत खोटं सांगितलं, ते माझ्या डोक्यातून जातच नाही." मग जरा हसून, "बाबा आहे का तिथे? बाबाला सांग, या वेळी रक्त मी स्वतः बघते. त्याला दिसत नाही."

बायको हसली. मी तिथेच होतो.

म्हणजे माझं खोटं आता आणखी एका जनावराच्या पोटापर्यंत पोचलं आहे. म्हणून हे लिहायला बसलो. तोंडाने जमत नाही ते कागदावर जमेल असं वाटलं. आता लिहून झालं आहे तर दिसतं की कागदावर जमलं म्हणून काही फिटत नाही. हे कुणाच्या वाचनात येण्याआधी मुलीला फोन करून मला सांगायचं आहे की डॉक्टर खरं बोलत होत्या, आणि तू लिहिलेलं खोटं आहे हे माहीत असूनही मी ते पाठवू दिलं. ज्या ग्रुपवर त्यांचं नाव गेलं तिथेच, माझ्या नावाने, ते परत घ्यायचं आहे. आणि डॉक्टरांच्या समोर उभं राहून, दुसरीकडे न बघता, "तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो," एवढं म्हणायचं आहे. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.